गुडघाभर दर्या

सोलापूरच्या प्रत्येक गल्लीत समुद्राचा एक जाणकार असतो आणि त्याला पोहता येत नसतं. आमच्या गल्लीत त्याला अण्णा म्हणतात. साखर पेठेत तो तात्या असेल, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बाबाय असेल, होटगी रोडच्या नव्या सोसायट्यांत नुसताच ‘ग्रुपवाले काका’ असेल. माणूस एकच. वय साठीच्या अल्याडपल्याड. उमेदीची सगळी वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात गेलेली. त्यामुळे कानात गुपित सांगितलं तरी ते शेजारच्या वाड्यात पोचतं. आणि वर्षातून एकदा गल्लीतली पाच-सहा घरं गोळा करून कोकणात दर्यावर न्यायची, हे त्याचं व्रत.

दर्याच का, याला फार खोल कारण नाही. जिथं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर लोक ‘यंदा बरं झालं’ म्हणतात, मे महिन्यात पारा ४३-४४ वर जाऊन तिथंच मुक्काम करतो आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या गावच्या माणसाला न मोजता पसरलेलं पाणी एकदा डोळ्यांनी बघायचं असतं. सिंधुदुर्गात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, हा आकडा अण्णांना पाठ आहे. तो सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक नसतं, तक्रार असते. वाटणीत आपल्यावर अन्याय झाला, अशी.

सहलीची तारीख ते कॅलेंडरवर काढत नाहीत, पंचांगावर काढतात. आणि इथं सोलापूरकराचा हक्क मान्यच करायला हवा. ज्याच्यावर अर्ध्या महाराष्ट्राची लग्नं ठरतात ते दाते पंचांग सोलापूरचं, आणि त्याची शंभरी कधीच उलटलेली आहे. अण्णा ते मांडीवर घेऊन बसतात आणि वजाबाकी सुरू करतात. सोमवार सिद्धेश्वराचा. गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा. शनिवार मारुतीचा. एकादशी तर, पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे, चुकवायची सोयच नाही. मग संकष्टी. एवढं वजा जाता मासे खायला जे सलग दोन-अडीच दिवस उरतील, ती सहल. हा सगळा खटाटोप ते दुसऱ्यांसाठी करतात. स्वतः मासे खात नाहीत.

सामानाची यादी त्यांच्याच हातची. पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी, ती मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची. शेंगाचटणी दोन किलो, ‘लागली तर असू दे’ म्हणून आणखी एक. पहिल्या दिवसाला धपाटे. माणशी एक चादर, सोलापुरी, म्हणजे पांघरायलाही तीच, वाळूत अंथरायलाही तीच आणि कुणाला बरं नसलं तर उचलून आणायलाही तीच. नवखं कुणी विचारतं, “अण्णा, दर्यावर चादर कशाला ओ? उकडतंय की तिथं.” अण्णा म्हणतात, “तू गप बस बे. चादर न्यायची असते.”

संध्याकाळी निघालेली ट्रॅव्हलर मंगळवेढा, सांगोला, मिरज करत पहाटे कोल्हापूरला. अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय समुद्र बघायचा नाही, हा नियम. मग राधानगरीवरून फोंडा घाट, आणि कणकवलीवरून मालवण. घाट उतरताना हवा बदलते ती पहिल्यांदा अण्णांना कळते, कारण त्यांचा शर्ट पाठीला चिकटतो. इथून पुढं दोन दिवस ते एका चमत्कारिक अपमानात वावरतात. ४४ अंशांत डोक्याला टापशी न बांधता बाजारात हिंडणारा माणूस तारकर्लीच्या ३२ अंशांत घामानं हैराण होतो. “हे काय ऊन म्हणायचं का? हे तर आमच्याकडं सकाळी आठला असतंय,” असं म्हणत म्हणत ते पंख्याखालची खुर्ची सोडत नाहीत. कारण विचारलं की शाळेतला भूगोल बाहेर येतो. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून जातात ते मतलई वारे, हवेतच इतकं बाष्प की अंगावरचा घाम वाळायचा कुठं? सगळं बरोबर असतं. फक्त ऐकणारा तोवर पाण्यात गेलेला असतो.

पहिल्यांदा समुद्र दिसण्याचा क्षण मात्र बघण्यासारखा. सुरूच्या झाडांतून गाडी बाहेर येते, पांढरी वाळू, तिच्यापलीकडे आडवं निळं पाणी. गाडीत एकदम शांतता. आणि मग मागच्या सीटवरून सोलापूर बोलतं, “अण्णा, उजनीपेक्षा मोठाय का ओ?”

यावर हसणारा सोलापूरचा नव्हे. आमच्याकडे पाण्याचं मोजमाप उजनी धरणात होतं. पोरांना स्वतःच्या परीक्षेचे टक्के आठवत नाहीत, पण उजनी कधी वजा होती ते आठवतं. अण्णा प्रश्नाला पूर्ण न्याय देतात. “उजनी एकशे सतरा टीएमसी. त्यातलं त्रेसष्ट मृतसाठा. इथं मृतसाठाच नाही. सगळं जिवंत.” गाडीतल्या सगळ्यांना पटतं. मलाही पटलं. समुद्राची याहून नेमकी ओळख मी तरी कुठं वाचलेली नाही.

आता त्यांच्या विद्येकडं येतो, कारण हा माणूस नुसता बडबड्या आहे असा समज होता कामा नये.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. गाव म्हणजे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. संगमाच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा ओहोटीला उघडा पडतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तो तयार झाला असं नाववाले सांगतात आणि त्याला सुनामी आयलंडच म्हणतात. तिथं जायचं ते पाणी उतरल्यावर. आमची मंडळी सकाळी आठलाच जेटीवर हजर. अण्णा म्हणाले, “साडेदहाशिवाय मजा नाही.” नाववाला चपापला. ते त्याचं वाक्य होतं.

“तुमी खंयचे?”

“सोलापूरचे.”

“मगे तुमकां भरती-ओहोटी कशी कळता?”

अण्णांनी पिशवीतून पंचांग काढलं. “आज वद्य षष्ठी. सहा पाऊण साडेचार. पूर्ण भरती साडेचारला. तिथून सहा तास मागं या. साडेदहाच्या सुमाराला ओहोटी. बरोबर का?”

तिथीची पाऊणपट करा, त्या तासाला पूर्ण भरती. कोकणच्या किनाऱ्याचा हा जुना आडाखा; चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तितकीच मागं पडते, म्हणून हिशेब जमतो. थोडाफार फरक राहतो, तो मालवणचा माणूस नजरेनं भरून काढतो. अण्णांकडं नजर नाही, पण वडिलांनी छडीच्या धाकानं पाठ करून घेतलेली पाऊणकी आहे. तिचा सोलापुरात काही उपयोग नाही. बाजारात आता पाऊणकी कुणी विचारत नाही. पण देवबागच्या जेटीवर नाववाल्यानं हात जोडले आणि चहा मागवला. अण्णा चहा पिताना म्हणाले, “तिथी इथं येते ओ, पण छापतो आम्ही.” पुढचे दोन-अडीच तास सगळी मंडळी जेटीवर बसून होती आणि आयलंडला न्यायची होडी साडेदहालाच सुटली. विद्येची किंमत ती एवढीच.

एवढं ज्ञान असलेला माणूस पाण्यात मात्र गुडघ्याच्या वर जात नाही. पँटच्या घड्या तो मापात घालतो, दोन्हीकडं सारख्या, आणि शेवटची घडी ओली झाली की उलट फिरतो. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात चष्म्याची डबी, मनगटावर घड्याळ. दर्याकडं पाठ करून तो कधीच उभा राहत नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. त्यामुळं अण्णांच्या सगळ्या सहलींच्या फोटोंत समुद्र कॅमेरावाल्याच्या मागं असतो आणि अण्णांच्या मागं वडापावची गाडी.

बाकीच्यांसाठीही नियम तोच. चादर वाळूत पसरलेली, तिच्यावर सगळ्यांच्या चपला, मोबाइल, मंगळसूत्रं, एकाची कवळी. मधोमध अण्णा. तिथून हाका सुरू. “पाण्यात कुठवर चाललालास बे? माघारी ये!” “ओहोटी लागलीय, ओढून नेतंय पाणी, ऐकू येलालंय का?” खडखडाटातून बोलायची सवय इथं कामी येते, लाटांच्या आवाजावर मात करणारा मी पाहिलेला हा एकच गळा. किनाऱ्यावरचा जीवरक्षक पहिल्या दिवशी वैतागला, दुसऱ्या दिवशी त्यांच्या चादरीवर येऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी शिट्टी त्यांच्या हातात देऊन जेवायला गेला. त्या अर्ध्या तासात तारकर्लीच्या किनाऱ्यावर एकही माणूस गुडघ्याच्या वर भिजला नाही. पुण्याचं एक जोडपं तर हॉटेलवर परत गेलं.

भाकरीचं दुःख वेगळं सांगायला हवं, कारण ते त्यांना मनापासून झालं. कडक भाकरी हा सोलापूरचा अभिमान. पापडासारखी कुरकुरीत, महिनाभर टिकते, प्रवासात मोडते पण वाकत नाही. हा डबा घेऊन अण्णा काशीला जाऊन आलेत, तिरुपतीला जाऊन आलेत. मालवणात पहिल्या रात्री झाकण नीट लागलं नाही. सकाळी डबा उघडला, एक भाकरी उचलली, ती मधोमध लवली. मोडली नाही. लवली. अण्णांनी दुसरी उचलली. तीही तशीच. हवेतल्या बाष्पानं आख्खा डबा सादळलेला. ते बराच वेळ ती भाकरी दोन हातांत धरून बघत बसले. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, समजूत घातली, “अहो, तव्यावर टाकली की होईल परत कडक.” पण विषय कडक होण्याचा राहिला नव्हता. घरमालकीण बाईंनी घावणे आणि नारळाचा रस पुढं ठेवला. अण्णांनी खाल्ला, चांगलाय म्हणाले, आणि मग हळूच घावण्यावर शेंगाचटणी घेतली. सोलकढीलाही त्यांनी हीच वागणूक दिली. “ही कढी गरम करायची राहिली का ओ?” असं आधी विचारून.

त्याच घरात टॉवेल प्रकरण झालं. खोलीत घड्या घालून ठेवलेला पांढरा टॉवेल अण्णांनी उचलला तो अंग पुसायला नाही. उजेडात धरला. काठ उलटा करून शिलाई पाहिली. नख मारून एक दोरा ओढला. पाण्याचा थेंब टाकला आणि तो किती वेळात जिरतो ते घड्याळात बघितलं. शेवटी टॉवेल हातावर तोलत म्हणाले, “पाचशे जीएसएम सांगून विकला असणार. चारशेच्या वर नाही. आपलाच आहे.”

आपलाच म्हणजे सोलापूरचा. आधी छाती फुगली आणि लगेच रागही आला, कारण मालकीण बाईंनी सांगितलेली किंमत कारखान्याच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट होती. “मधल्यानं खाल्ले की ओ ताई!” दुपारभर शेजारच्या घरांतून बायका आपापले टॉवेल घेऊन येत होत्या आणि अण्णा ओसरीवर बसून दवाखाना चालवावा तसे ते तपासत होते. बाहेर पोरं डॉल्फिन बघायला गेली होती. संध्याकाळपर्यंत अण्णांनी सोलापूरच्या एका मित्राच्या कारखान्यासाठी कित्येक डझनांची ऑर्डर वहीत लिहून घेतलेली. रात्री मला म्हणाले, “आपला टॉवेल परदेशी जातो. जगातल्या कुठल्या कुठल्या वाळूत तो पसरलेला असेल, त्यावर गोरी माणसं पडलेली असतील. आणि तो विणणाऱ्यानं दर्या बघितलेला नसतो.” हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं, म्हणजे वरच्या मजल्यावर ऐकू गेलं.

पाण्यातले खेळ त्यांनी बंद केलेले नाहीत, फक्त परवानगी अवघड ठेवली आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग चालतं, स्कूबा चालतं, पाण्याखालची प्रवाळं आणि रंगीत मासे बघता येतात. भाच्यानं नाव नोंदवलं तर अण्णांनी स्कूबावाल्याची उलटतपासणी घेतली. नळकांड्यात हवा किती? कुणी तपासली? श्वास अडकला तर खूण काय करायची? पोरगा पाण्याखाली किती वेळ राहणार आणि त्याचा हात कोण धरणार? शेवटचं उत्तर ‘मी स्वतः’ असं आल्यावरच पैसे दिले. मला वाटतं, हे प्रश्न सगळ्यांनीच विचारावेत.

पॅराशूटच्या बाबतीत मात्र त्यांचं काही चाललं नाही, कारण तिथं काकू गेल्या. चाळीस वर्षं ‘अहो, जाऊ द्या’ म्हणणारी बाई सुनेचा पंजाबी ड्रेस घालून, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून बोटीत चढली आणि दोरी सैल सुटताच वर गेली. वाळूवरून अण्णा ओरडत होते, “पदर सांभाळ! पदर!” पदर नव्हताच. काकू वरून हात हलवत होत्या. खाली आल्यावर अण्णांनी विचारलं, “भीती नाही वाटली?” त्या म्हणाल्या, “वर तुमचा आवाज येत नव्हता. इतकं बरं वाटलं.” अण्णांनी हे वाक्य गल्लीतल्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं आहे.

किल्ल्यात मात्र अण्णा बदलतात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू केलं, तटबंदी तीनेक किलोमीटरची, आत शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे. हे सगळं गाइड सांगत असतो आणि अण्णा मान डोलावत असतात. पण त्यांचे पाय वळतात विहिरींकडं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा दर्या आणि आत गोड पाणी. ते वाकून बघतात, पोहरा मिळाला तर काढून एक घोट घेतात आणि डोळे मिटतात. “आधी पाणी बघितलं बघा महाराजांनी. मग किल्ला.” पोरं बुरुजावर सेल्फी काढत असतात. अण्णा विहिरीच्या काठावर बसून राहतात. पोहता न येणारा, मासे न खाणारा, गुडघ्याच्या वर न भिजणारा माणूस चारशे किलोमीटर कशासाठी येतो, ते मला तिथं कळलं. गोड पाण्याला समुद्रात किती जपावं लागतं, हे त्याला त्या गाइडपेक्षा जास्त कळतं. म्हणूनच किनाऱ्यावर पाय धुवायचे नळ कुणी उघडे सोडून गेलं की अण्णा उठून बंद करतात. प्रत्येक वेळी. शिव्या देत.

या जातीच्या माणसावर आता संकट आलं आहे. २०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. तासाभरात गोवा! गल्लीतली तरुण मंडळी खूश. अण्णांनी चौकशी केली ती तिकिटाची नव्हे, सामानाची. पंधरा-वीस किलोच्या आत माणसानं आपलं सगळं बसवायचं हे ऐकून ते हसले. दोन चादरी आणि भाकरीचा डबा ठेवला की माणूस कुठं ठेवायचा? शिवाय विमान खिडकीतून एकदम समुद्र दाखवतं. मंगळवेढ्याची ज्वारी नाही, मिरजेचा चहा नाही, अंबाबाई नाही, घाटात शर्ट पाठीला चिकटणं नाही. गोव्याबद्दलही त्यांचं मत ठरलेलं आहे: “तिथं दर्या चांगलाय, पण बघालाय कोण?”

मी स्वतः गोव्याच्या विमानानं जाऊन आलो. छान गेलो, छान आलो. दोन्ही दिवस ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर पोचलो, आणि खोलीतला टॉवेल तीनशे जीएसएमचाही नव्हता.

यंदाची सहल सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, माघात आहे. ट्रॅव्हलरमध्ये दोन जागा शिल्लक आहेत, मागच्या, चाकावरच्या. यायचं असेल त्यांनी चादर आणि टॉवेल घरचा आणावा, भाकरीच्या डब्याला यंदा रबर लावलेलं झाकण आहे. पोहता येत असेल त्यांनी तसं आधीच सांगावं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला अण्णांना वेगळा माणूस नेमावा लागतो.